अचानक चक्कर: आतला कान की स्ट्रोक? खाटेजवळ करायची तपासणी, क्रमानं

चक्कर घेऊन आलेल्या रुग्णाचं बीपी मोजायचं, स्टेमेटिलचं इंजेक्शन टोचायचं, एक सलाईन लावायची आणि 'मानेचे मणके झिजलेत' किंवा 'पित्त चढलंय' असं सांगून घरी पाठवायचं, ही पद्धत बऱ्याच ठिकाणी रुळली आहे. बहुतेक वेळा ती खपूनही जाते, कारण चक्कर येणाऱ्या बहुतेकांना स्ट्रोक नसतोच. ज्याला असतो, तो मात्र दोन दिवसांनी ग्लानीत परत येतो.

जिथं चुकतं, तिथं सहसा चाचणी येत नव्हती असं नसतं. चाचणी चुकीच्या रुग्णावर केलेली असते, किंवा तिचा निकाल उलटा वाचलेला असतो. म्हणून या लेखात सगळा भर क्रमावर आहे. कॅज्युअल्टीतले मेडिकल ऑफिसर, ग्रामीण रुग्णालयातले डॉक्टर आणि जनरल प्रॅक्टिस करणारे यांच्यासाठी तो लिहिला आहे.

## तयारी

ग्लुकोमीटर, बीपीचं यंत्र, ईसीजी, टॉर्च, एक कोरा पांढरा कागद, एक स्टीलचा चमचा, आणि स्लो-मोशन व्हिडिओ निघणारा मोबाइल एवढं पुरे. रुग्णाला धरायला एक माणूस हवा आणि उलटीसाठी ट्रे हाताशी हवा.

आधी डोळे, मग इंजेक्शन. प्रोक्लोरपेराझिन (म्हणजेच स्टेमेटिल) किंवा प्रोमेथाझिन दिल्यावर रुग्ण पेंगतो आणि निस्टॅग्मस, म्हणजे डोळ्यांची आपोआप होणारी लयबद्ध हालचाल, दबू शकते. मग जे पाहायचं तेच पुसट होतं. उलट्या थांबतच नसतील तर ऑन्डान्सेट्रॉन द्या, त्यानं गुंगी कमी येते. डोळे तपासायला पाच मिनिटं लागतात. तेवढा वेळ नातेवाइकांना थोपवून धरा.

## टप्पा १: पहिली पाच मिनिटं

साखर मोजा. दोन्ही हातांचं बीपी घ्या. नाडी अनियमित लागते का ते बघा आणि ईसीजी काढा. एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांची अनियमित धडधड, सापडलं तर स्ट्रोकचा संशय लगेच वाढतो.

मग वेळ विचारा. 'त्रास कधी लक्षात आला' एवढ्यावर थांबू नका. 'शेवटचं ठणठणीत केव्हा होतात?' हा खरा प्रश्न. पहाटे पाचला उठल्यावर चक्कर जाणवली आणि रात्री दहाला झोपताना काही नव्हतं, तर घड्याळ दहापासून धरायचं. रक्ताची गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनची साडेचार तासांची मुदत याच वेळेपासून मोजतात.

आता धोक्याची चिन्हं. चेहरा, हात आणि बोलणं ही नेहमीची त्रिसूत्री इथं अपुरी पडते, कारण लहान मेंदूच्या स्ट्रोकमध्ये ती तिन्ही ठीक असू शकतात. एनआयएचएसएसचा, म्हणजे स्ट्रोकची तीव्रता मोजणाऱ्या गुणपट्टीचा, आकडा शून्य येऊनही स्ट्रोक असू शकतो. म्हणून हेही विचारा आणि बघा:

- एकाची दोन दिसतात का? जीभ जड झाली आहे का? गिळताना ठसका लागतो का? आवाज अचानक घोगरा झाला का?
- नाकाला आणि मग तुमच्या बोटाला बोट लावताना नेम चुकतो का?
- एक पापणी किंचित खाली आणि त्याच डोळ्याची बाहुली बारीक आहे का?
- स्टीलचा गार चमचा दोन्ही गालांना, मग दोन्ही दंडांना लावा. एका बाजूचा गाल आणि विरुद्ध बाजूचा हात गार कळत नसेल, तर मेंदूच्या देठाच्या बाजूच्या भागातला स्ट्रोक समजा.
- मानेत किंवा डोक्याच्या मागे नवीन, पूर्वी कधी नव्हतं असं दुखणं आहे का? तरुण रुग्णाला हे आवर्जून विचारा. अपघात, मानेला हिसका, सलूनमध्ये चंपीनंतर कडाकडा मोडून घेतलेली मान, यांतलं काही झालं असेल तर मणक्यांतून मेंदूकडे जाणारी धमनी आतून फाटलेली असू शकते.

> थांबा. यांतलं एक जरी सापडलं तरी पुढच्या चाचण्यांत वेळ घालवू नका. थेट टप्पा ७ वर जा. तोंडानं काहीही देऊ नका, ॲस्पिरिनही नाही.

## टप्पा २: 'चक्कर कशी आहे?' हा प्रश्न सोडा

गरगरतं की अंधारी येते, डोकं हलकं वाटतं की तोल जातो, यावरून कान, हृदय आणि मेंदू वेगळे करायची जुनी सवय आहे. तिच्यावर विसंबता येत नाही. तोच रुग्ण दहा मिनिटांनी दुसरा शब्द वापरतो. आजी तर सगळ्यालाच 'घेरी' म्हणतात. वेळ आणि कारण यांबद्दलची उत्तरं त्या मानानं पक्की असतात. तेव्हा तीनच प्रश्न विचारा:

१. 'आत्ता, या क्षणी, डोकं अजिबात न हलवता पडलात तरी चक्कर आहे का?'

२. 'सुरू झाली की किती वेळ टिकते? सेकंद, मिनिटं, तास, की सुरू झाल्यापासून थांबलेलीच नाही?'

३. 'नसताना कशानं सुरू होते? कूस बदलली, वर बघितलं, उठून उभं राहिलं, की काही न करता?'

तिसऱ्या प्रश्नात सगळ्यात मोठी फसगत आहे. हालचालीनं चक्कर सुरू होणं आणि असलेली चक्कर हालचालीनं वाढणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डोकं हलवल्यावर वाढणारी चक्कर कानाच्या आजारातही असते आणि स्ट्रोकमध्येही असते. 'मान हलवली की वाढते, म्हणजे कानाचंच' हा निष्कर्ष चूक आहे. स्वस्थ पडल्यावर ती पूर्ण थांबते का, एवढंच महत्त्वाचं. नक्की होत नसेल तर रुग्णाला दोन मिनिटं न हलता पडू द्या आणि पुन्हा विचारा.

## टप्पा ३: रुग्ण कोणत्या गटातला, ते ठरवा

गट अ: सतत. काही तासांपासून किंवा दिवसांपासून अखंड चक्कर, मळमळ, चालताना तोल जाणं, आणि पडून राहिलं तरी सुरूच. इथं मुख्य सामना आतल्या कानाच्या नसेची सूज (व्हेस्टिब्युलर न्यूरायटिस) आणि स्ट्रोक यांच्यात आहे. या गटातही फेनिटोइनचा (फिटच्या औषधाचा) जादा डोस, दारू आणि थायमिनची कमतरता विसरू नका. दारू पिणाऱ्या, उपाशी रुग्णाला ग्लुकोजच्या आधी थायमिन द्या. टप्पा ४ वर जा.

गट ब: झटक्यानं, कारण घडल्यावर. एरवी ठीक, कूस बदलली की सेकंदभरात गरगरतं आणि मिनिटाच्या आत थांबतं. हा बहुतेक बीपीपीव्ही, म्हणजे कानातले कॅल्शियमचे कण सरकल्यानं होणारा आजार. फक्त उभं राहिल्यावर होत असेल तर आडवं असताना आणि उभं राहून तीन मिनिटांनी बीपी घ्या. वरचा आकडा २० किंवा खालचा १० नं उतरला तर गोळ्यांची यादी, जुलाब, रक्तस्राव यांकडे बघा. टप्पा ६ वर जा.

गट क: झटक्यानं, पण विनाकारण. मिनिटं ते तास टिकून गेली आणि आता रुग्ण ठणठणीत आहे. अर्धशिशीची चक्कर किंवा मेनियर (आतल्या कानाचा, झटके येणारा आजार) असू शकतो, पण टीआयए, म्हणजे येऊन गेलेला स्ट्रोकचा इशाराही असू शकतो. याच्याही सूचना टप्पा ६ मध्ये आहेत.

> तपासा. पुढच्या टप्प्यातली डोळ्यांची हिंट्स तपासणी फक्त गट अ साठी आहे, आणि तीही चक्कर चालू असताना, निस्टॅग्मस दिसत असेल तरच. बीपीपीव्हीच्या रुग्णावर किंवा चक्कर थांबलेल्या रुग्णावर ती केलीत, तर मान झटकण्याची चाचणी 'नॉर्मल' येईल आणि तुम्ही धडधाकट माणसाला स्ट्रोकचा ठरवाल.

## टप्पा ४: हिंट्स, या क्रमानं

आधी निस्टॅग्मस, मग डोळ्यांची उंची, मग मान झटकणं, शेवटी ऐकू येणं. मान झटकण्याची चाचणी रुग्णाला नकोशी वाटते. ती आधी केली तर पुढं तो डोळेच उघडत नाही.

४.१ निस्टॅग्मस. रुग्णाला समोर बघायला सांगा. मग उजवीकडे, डावीकडे, वर आणि खाली, प्रत्येक बाजूला पाच-दहा सेकंद. नजर साधारण ३० अंशांपर्यंतच न्या. अगदी कोपऱ्यात नेली तर निरोगी माणसाचे डोळेही चार-दोन वेळा उडतात. डोळा एका बाजूला सावकाश सरकतो आणि दुसऱ्या बाजूला झटक्यात परततो. दिशा त्या झटक्यावरून सांगायची.

कानाच्या आजारात झटका कुठंही बघितलं तरी एकाच बाजूला असतो आणि त्या बाजूला बघितल्यावर जोर धरतो. उजवीकडे बघताना उजवीकडे आणि डावीकडे बघताना डावीकडे झटका असेल तर तो मेंदूचा. निव्वळ वर-खाली किंवा निव्वळ गोल फिरणारा निस्टॅग्मसही मेंदूचाच.

काहीच दिसत नसेल तर पांढरा कागद रुग्णाच्या डोळ्यांसमोर अगदी जवळ धरा, म्हणजे नजर रोवायला काही उरत नाही, आणि बाजूनं बघा. कानाचा निस्टॅग्मस नजर रोवल्यानं दबतो आणि असा कागद धरला की वर येतो. तरीही दिसला नाही तर हिंट्स इथंच सोडा आणि टप्पा ५ वर भर द्या.

४.२ डोळ्यांची उंची. 'माझ्या नाकाकडे बघत राहा' असं सांगा. तळहातानं एक डोळा झाका, दोन सेकंदांनी हात दुसऱ्या डोळ्यावर न्या. असं आलटून पालटून करा. नुकता उघडा झालेला डोळा वरून खाली किंवा खालून वर सरकून जागेवर येतो का, ते बघा. आला तर मेंदूचा दोष धरा. आडवा सरकला तर दुर्लक्ष करा, तसं अनेकांचं असतं. ही खूण स्ट्रोकच्या बऱ्याच रुग्णांत सापडत नाही, त्यामुळे ती नसल्याचा दिलासा घेऊ नका.

४.३ मान झटकणं. सगळ्यात जास्त चुका इथं होतात. मानेला मार लागला असेल, धमनी फाटल्याचा संशय असेल किंवा मानेच्या मणक्यांचा गंभीर आजार असेल तर ही चाचणी करू नका.

समोर बसा. दोन्ही हातांनी रुग्णाचं डोकं कानांच्या वर पक्कं धरा. सांगा, 'काका, मान सैल सोडा. डोकं मी हलवणार, तुम्ही फक्त माझ्या नाकाच्या शेंड्याकडे बघत राहा.' डोकं हळूच १५ ते २० अंश एका बाजूला न्या आणि तिथून झटक्यात मध्यावर आणून थांबवा. मध्यापासून बाहेर झटकण्यापेक्षा हे मानेला सुरक्षित आहे. प्रत्येक बाजूला तीन ते पाच वेळा करा, पण बाजूंचा क्रम रुग्णाला ओळखू येईल असा ठेवू नका.

डोकं थांबल्या क्षणी डोळे बघा. ते तुमच्या नाकावर खिळून राहिले तर चाचणी नॉर्मल. डोक्याबरोबर वाहत गेले आणि मग उडी मारून नाकावर परत आले तर त्या बाजूच्या कानाची नस कमी पडते आहे. डोकं डावीकडे वळताना उडी दिसली तर दोष डावीकडे.

आता मनाला न पटणारी गोष्ट: सतत चक्कर आणि निस्टॅग्मस असलेल्या रुग्णात ही चाचणी नॉर्मल येणं ही वाईट बातमी आहे. कानाची नस ठीक आहे, तर मग चक्कर कुठून येते आहे? केसपेपरवर नुसतं 'हिंट्स निगेटिव्ह' लिहू नका. वाचणारा त्याचा कुठलाही अर्थ काढू शकतो. 'मान झटकल्यावर उडी डावीकडे, निस्टॅग्मस उजवीकडे, उंचीत फरक नाही' असं पूर्ण लिहा.

नेहमीच्या चुका: झटका संथ असणं, अंतर जास्त घेणं, रुग्णानं मान ताठ धरणं, नेमक्या क्षणी त्याची पापणी मिटणं. उडी टिपता येत नसेल तर सहकाऱ्याला मोबाइलवर दोन्ही डोळ्यांचा स्लो-मोशन व्हिडिओ घ्यायला सांगा आणि सावकाश बघा.

> ताळमेळ बघा. कानाची नस सुजली असेल तर झटका दुखऱ्या कानाच्या विरुद्ध बाजूला जातो. म्हणजे उडी डावीकडे दिसली तर निस्टॅग्मस उजवीकडेच हवा. दोन्ही एकाच बाजूला आले तर एक तर तुमचं बघणं चुकलं आहे किंवा आजार मेंदूत आहे. दोन्हींत पाऊल एकच, पुढं पाठवा.

४.४ ऐकू येणं. दोन्ही कानांजवळ बोटं घासा. एका कानानं नव्यानं कमी ऐकू येत असेल तर 'म्हणजे कानाचाच आजार' असं म्हणू नका. आतल्या कानाला रक्त देणारी धमनी बहुधा लहान मेंदूकडे जाणाऱ्या एका धमनीचीच फांदी असते. ती बंद पडली की ऐकू येणंही जातं, मान झटकल्यावर उडीही दिसते, आणि बाकी सगळं कानाच्या आजारासारखं भासतं. आत मळ नाही ना, पू नाही ना, कानाच्या पाळीवर नागिणीचे फोड नाहीत ना, ते बघा. नसतील तर स्ट्रोक धरून चला.

घरी पाठवण्याइतका निर्धास्त निकाल एकच: एकाच दिशेचा आडवा निस्टॅग्मस, विरुद्ध बाजूला स्पष्ट उडी, उंचीत फरक नाही, ऐकणं पूर्वीसारखं, आणि शिवाय टप्पा ५ पार. पाचही हवेत. २००९ मध्ये छापून आलेल्या मूळ अभ्यासात हिंट्सच्या पहिल्या तीन चाचण्यांनी एकही स्ट्रोक सोडला नव्हता, पण तिथं डोळे बघणारे या विषयातले तज्ज्ञ होते. महिन्यातून एकदा ही चाचणी करणाऱ्यानं तो आकडा स्वतःला लावू नये.

## टप्पा ५: बसवा, उभं करा, चालवा

हा टप्पा सगळ्यात जास्त वेळा गाळला जातो, कारण रुग्ण उलट्या करत पडलेला असतो आणि त्याला उठवणं जिवावर येतं. तरीही उठवा. खाटेच्या कडेला हाताची घडी घालून, आधाराशिवाय बसवा. मग एक माणूस बाजूला ठेवून उभं करा आणि चार पावलं चालवा.

नस सुजलेला रुग्ण एका बाजूला झुकेल, धडपडेल, पण बहुधा उभा राहील. जो आधाराशिवाय बसूच शकत नाही किंवा उभाच राहू शकत नाही, त्याला डोळ्यांची तपासणी काहीही सांगो, स्ट्रोकचा म्हणून दाखल करा. हात-पाय बोटावर नेमके लागतात म्हणून लहान मेंदू ठीक, असंही मानू नका. मधला भाग बिघडला तर खाटेवर सगळं ठीक असतं आणि उभं केल्यावरच कळतं.

## टप्पा ६: गट ब आणि गट क

गट ब. डिक्स-हॉलपाइक करा. बसलेल्या रुग्णाची मान ४५ अंश एका बाजूला वळवा, झटकन आडवं करा, डोकं खाटेच्या कडेखाली २०-३० अंश झुकू द्या, डोळे उघडेच ठेवायला सांगा. थोडे सेकंद काही होत नाही, मग वरच्या दिशेला आणि खालच्या कानाकडे गोल फिरणारा निस्टॅग्मस सुरू होतो आणि मिनिटाच्या आत विरतो. असं दिसलं की तिथल्या तिथं एपली, म्हणजे डोकं क्रमानं वळवून कण जागेवर नेण्याची कृती, करा. सीटी नको, एमआरआय नको. काहीच दिसलं नाही तर दुसरी बाजू बघा, मग सरळ झोपवून डोकं डावी-उजवीकडे वळवून बघा.

थोडाही उशीर न लागता सुरू होणारा, खालच्या दिशेचा, किंवा डोकं त्याच स्थितीत असेपर्यंत न थांबणारा निस्टॅग्मस दिसला तर एपली करत बसू नका. तो मेंदूचा समजा.

गट क. इथं डोळे काही सांगणार नाहीत, कारण चक्कर निघून गेली आहे. वय, बीपी, मधुमेह, तंबाखू, एट्रियल फिब्रिलेशन, आणि त्या मिनिटांत दोन दिसलं का, जीभ जड झाली का, हे विचारा. नव्यानं सुरू झालेला असा झटका आणि यांतलं काही असेल तर त्याच दिवशी मान आणि मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा सीटी किंवा एमआर अँजिओग्राम हवा. टीआयएनंतर खऱ्या स्ट्रोकचा धोका पहिल्या ४८ तासांत सगळ्यात जास्त असतो. 'पुढच्या आठवड्यात ओपीडीला या' हे उत्तर इथं चालत नाही.

## टप्पा ७: स्कॅन, आणि त्याचा भरवसा किती

साधा सीटी एकाच प्रश्नाचं चांगलं उत्तर देतो: रक्तस्राव आहे का. लहान मेंदूत ३ सेंमीपेक्षा मोठा रक्ताचा गोळा दिसला तर न्यूरोसर्जनला लगेच फोन करा. मेंदूच्या मागच्या भागातला ताजा इन्फार्क्ट, म्हणजे रक्तपुरवठा तुटून मेलेला भाग, मात्र सीटीवर बहुधा दिसत नाही. भोवतीच्या जाड हाडांमुळे चित्र मलीन होतं. 'सीटी नॉर्मल आहे, काळजी करू नका' हे वाक्य या रुग्णांना जेवढं महाग पडतं, तेवढं दुसरं कुठलं पडत नसेल.

एमआरआयचा डिफ्यूजन भाग बराच सरस, पण पहिल्या ४८ तासांत तोही चुकतो. वरच्याच २००९ च्या अभ्यासात स्ट्रोकच्या १२ टक्के रुग्णांचा पहिला एमआरआय नॉर्मल होता. इन्फार्क्ट छोटा असेल तर चुकण्याची शक्यता आणखी वाढते. डोळे मेंदूकडे बोट दाखवत असतील आणि एमआरआय नॉर्मल असेल, तर रुग्णाला दाखल ठेवा आणि तीन ते सात दिवसांत पुन्हा काढा.

जवळ एमआरआय नसेल तर त्याची वाट बघू नका. स्ट्रोकची सोय असलेल्या रुग्णालयाला फोन करा, १०८ बोलवा. साडेचार तास उलटले तरी घाई कमी होत नाही: मेंदूच्या देठाची मुख्य धमनी बंद पडून गंभीर स्ट्रोक झाला असेल, तर निवडक रुग्णांत २४ तासांपर्यंत गुठळी ओढून काढता येते.

## टप्पा ८: पाठवताना आणि ठेवताना

पाठवणीच्या चिठ्ठीवर हे लिहा: शेवटचं ठणठणीत असल्याची वेळ, साखर, बीपी, निस्टॅग्मसची दिशा, मान झटकल्यावरचा निकाल बाजूसकट, उंचीतला फरक, ऐकू येणं, बसता-उभं राहता येतं का, आणि कोणतं इंजेक्शन किती वाजता दिलं. डोळ्यांचा व्हिडिओ रुग्णाच्या संमतीनं सोबत पाठवा. तो चिठ्ठीपेक्षा कामाचा ठरतो.

बीपी वाढलेलं दिसलं म्हणून लगेच उतरवू नका. गुठळीचं इंजेक्शन द्यायचं असेल तर ते १८५/११० च्या खाली लागतं; द्यायचं नसेल आणि रक्तस्राव नसेल तर सहसा २२०/१२० पर्यंत हात लावत नाहीत. ॲस्पिरिन सीटीत रक्तस्राव नाही हे पाहिल्यावर आणि घोटभर पाणी ठसका न लागता गिळता आल्यावरच.

लहान मेंदूचा मोठा इन्फार्क्ट दुसऱ्या ते चौथ्या दिवशी सुजतो आणि मेंदूतल्या पाण्याची वाट दाबतो. पहिल्या दिवशी गप्पा मारणारा रुग्ण तिसऱ्या दिवशी पेंगायला लागला, डोकेदुखी वाढली किंवा नजर एका बाजूला जाईना, तर 'इंजेक्शनची गुंगी असेल' म्हणून सोडू नका. त्याच वेळी सीटी करा आणि न्यूरोसर्जनला कळवा.

कानाचा आजार ठरवून घरी पाठवलेल्याला चक्कर दाबणाऱ्या गोळ्या दोन-तीन दिवसांपेक्षा जास्त देऊ नका. त्यानं मेंदूचं सावरणं लांबतं. घरच्यांना चार गोष्टी कागदावर मराठीत लिहून द्या: दोन दिसणं, बोलणं अडखळणं, उभं राहता न येणं, पेंगणं. यांतलं काहीही दिसलं तर सकाळची वाट न बघता, रात्रीच, परत आणायचं.